निमुळती टोकं

चाकण एमआयडीसीत आमची प्रयोगशाळा एका पत्र्याच्या कारखान्याला लागून आहे. भिंतीपलीकडे पॉवर प्रेस चालतो, त्यामुळे दिवसभर फरशीतून बारीक धक्का तळपायाला लागत राहतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचा लेप आम्ही तपासतो. त्यासाठी कुत्र्याच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी लागतात. त्या गोठवलेल्या कुप्यांतून येतात. मी त्या फ्लास्कमध्ये वाढवते. कामावर जिवंत कुत्रा मी कधी पाहिलेला नाही.

स्थिर द्रवात या पेशी फरशा बसवल्यासारख्या शेजारी शेजारी पसरतात. त्यांना दिशा नसते. वरून द्रव वाहता ठेवला, तरच त्या लांबट होतात.

मार्चमध्ये आलेल्या कुपीतल्या पेशी चौथ्या दिवशी थेंबासारख्या झाल्या. हजारो पेशी, आणि प्रत्येकीचं निमुळतं टोक एकाच बाजूला. मी फ्लास्क फिरवून ठेवला. तासाभरात सगळ्या परत त्याच बाजूला वळल्या होत्या.

आमचे प्रमुख दिग्विजय सर सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्याकडे बघून म्हणाले, "प्रेसचे हादरे असतील, विजयश्री. जागा बदल."

जागा बदलली. खाली रबराची जाड चटई घातली. फरक पडला नाही.

मग मी फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखालच्या उबदार पेटीत ठेवून दिवसभराचं चित्रण लावलं. एक वाजता टोकं उजवीकडे सरकली आणि अर्ध्या तासानं मूळ जागी आली. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी एक वाजता मी काचेबाहेर पाहत बसले. काचसामान धुणारे रोहिदासकाका धुण्याच्या खोलीतून डबा घेऊन निघाले, उजवीकडे गेटजवळच्या बाकावर बसले, जेवले, परत आले.

पडद्यावर टोकं त्यांच्यामागे गेली होती, आणि त्यांच्यामागेच परत आली होती.

रविवारी टोकं दिवसभर दक्षिणेला होती. काका दिघीला राहतात. मी फोनवर नकाशा उघडला, दिघी दक्षिणेलाच दिसली, आणि तो लगेच बंद केला.

सोमवारी त्यांना विचारलं, "काका, इथं यायच्या आधी कुठं होता?"

त्यांनी हातातली बाटली विसळून उपडी ठेवली. "औषधाच्या एका कंपनीत. कुत्री व्हती तिथं. त्यांचं बघायचो, अकरा वर्सं."

"बघायचो म्हणजे?"

"खायला घालायचं, झाडायचं. आन शेवटची सुई देताना धरायचं. दुसऱ्या कुणी धरलं की लई वरडायची. मी धरलं की गप पडायची." पुढची बाटली उचलत म्हणाले, "वळखीचा वास व्हता ना माझा."

कुपीचा कागद मी पुन्हा वाचला. नर, दोन वर्षं, बीगल. देश दुसराच, समुद्रापलीकडचा. त्या कुत्र्यानं काकांना पाहिलं असणं शक्यच नव्हतं.

तरी मी त्यांना पडदा दाखवला. दाखवायला नको होता.

ते टेबलाच्या एका बाजूला उभे राहिले, मग दुसऱ्या. पेशी सावकाश, पण न चुकता वळत राहिल्या.

"टाकून द्या ह्यास्नी, ताई." ते पडद्यापासून मागे सरले. "हात जोडतो."

"उद्या टाकते, काका."

मला एक दिवस हवा होता. असं आजवर कुणी नोंदवलेलं नव्हतं. शोधाला माझं नाव लागलं असतं. दुसऱ्या दिवशीही मी तेच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी ते आले नाहीत. सकाळी कामावर निघताना घराच्या दारातच कोसळले. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. वय त्रेपन्न.

मी दिघीला जाऊन आले. त्यांच्या बायकोनं, जयमालाबाईंनी, माझा हात धरला. "दोन दिस जेवलं न्हाईत बघा. सारखं म्हनायचं, कामावर माझी वाट बघत्यात."

मी हात सोडवून घेतला आणि निघाले.

परत आले तेव्हा फ्लास्कमधल्या पेशी विस्कटल्या होत्या. प्रत्येकीचं टोक वेगळ्याच दिशेला, आणि तासातासाला बदलणारं. फ्लास्क टाकायचा धीर मला झाला नाही. मी पेशींना नवा द्रव देत राहिले.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, सकाळची शिफ्ट आत येत असताना, टोकं एका रेषेत आली.

गेटकडे.

मग धुण्याच्या खोलीकडे. तिथं कुणी नव्हतं. नळ बंद होता.

मी जागची हलले नाही.

टोकं माझ्या खोलीच्या काचेच्या दाराकडे वळली. दार बंदच होतं.

मग रेषा मोडली. पेशी गोलाकार मांडल्या गेल्या, चारी बाजूंनी टोकं आत, थेट फ्लास्कच्या मध्याकडे. वरून कुणी फ्लास्कवर वाकून पाहत असावं, तशी.

फ्लास्क आणि माझा खांदा यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा होती.