पुलावरची मागणी

मी कोयता उगारला, तेव्हा तो दोन्ही हात वर करून हसत होता.

"बाई, माझ्याकडे पाण्याचा रिकामा डबा सोडून काही नाही. गाडी तापलीये. ओढा कुठे?"

पिवळा शर्ट, पिवळी टोपी, कमरेला साधा चाकूसुद्धा नाही. म्हणजे युद्धविराम पाळला जातोय का, हे बघायला आलेल्यांपैकी हा एक. आमच्या बूगनव्हिल बेटावर नऊ वर्षं बंदुका वाजल्या; शेवटी शेजारच्या देशांनी मध्ये पडून ही बिनहत्यारी माणसं धाडली होती. हा वानुआतूचा. त्याची बोली आमच्या बोलीची चुलत बहीण, त्यामुळे चेष्टाही चटकन कळायची.

"ओढा खाली आहे. वाट सोडू नका."

तेवढ्यात पाठीवरच्या मेनाने भोकाड पसरलं. दीड वर्षाची माझी पोर. तिचं अंग जरा गरम लागलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. सरकारने बेटाची नाकेबंदी केली, त्यात तिचे वडील साध्या मलेरियाने गेले. औषधाच्या गोळ्या होत्या, पण समुद्रापलीकडे. मी तिला पाजायला झाडाखाली बसले. एक सर आली... आणि हा शहाणा माझी लावणीची टोकदार काठी उचलून, माझ्याच मळ्यात मातीचे उंचवटे करून रताळ्याचे वेल लावायला लागला!

"अहो, ठेवा ती काठी!"

"का? वाकडं लावतोय?"

"सरळ लावताय, तेच तर—"

तो वळला. पापण्यांवर थेंब अडकलेले. मला पुढचं वाक्यच सापडेना. ते कुंपणाबाहेरून स्कोलास्टिका मावशीला सापडलं.

"अगं बया! जावई आणलास, आणि मला पत्ता नाही?"

आमच्याकडे जमीन बाईची. जो पुरुष तिच्या मळ्यात तिच्याबरोबर लावणी करतो, तो तिचा नवरा. पाद्री येतो नंतर, त्याच्या सवडीने. जोएलला – हे त्याचं नाव – हे सांगितलं, तर तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला.

"म्हणजे माझं लग्न झालं?"

"मावशीच्या मते."

"आणि तुमच्या?"

मी मेनाचं तोंड पुसत बसले. पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

हसण्यावारी गेलं असतं. पण आमचं गाव बंडखोरांच्या बाजूचं, आणि बातमी नदी ओलांडून गेली. पलीकडे सरकारच्या बाजूने लढलेले. त्यांचा नायक इग्नेशियस. जोएल किनाऱ्यावरून गोवराची लस घेऊन निघाला, त्या दिवशी इग्नेशियसने पुलावर ओंडका आडवा टाकला.

"बंडखोरांच्या जावयाची गाडी इथून जाणार नाही. आज औषध नेईल, उद्या काडतुसं."

आमच्या शेजारच्या वाडीत गोवर आला होता. मी धावत पुलावर गेले. ओंडक्यापलीकडे जोएल उभा, थकलेला.

"मी परत जातो. माझ्या जागी दुसरा येईल."

"कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"आणि लसीच्या पेटीतला बर्फ तोवर टिकेल?"

त्याने पेटीचं झाकण आणखी घट्ट दाबलं.

मी मागे वळले ती थेट मळ्यात. त्याने लावलेल्या वेलांना कोवळी पानं फुटली होती. एकेक उपटला. मेनाला पाठीवर बांधलं, वेलांची टोपली घेतली आणि पुलावर येऊन ती इग्नेशियसच्या पायाशी रिकामी केली.

"ही बघा लावणी. लग्न झालं की नाही, हे आपल्यात कोण सांगतं?"

"बाईच," तो चाचरत म्हणाला. त्याच्या घरची जमीनही आईकडूनच चालत आलेली.

"मग ऐका. हा माझा नवरा नाही. माझा जेवढा, तेवढाच तुमचा."

जोएल त्या वेलांकडे बघत होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता... तरी मी बघितला.

इग्नेशियसने डोळे बारीक केले. "चांगलं पीक घालवलंस, पोरी. आणि शांततेच्या करारावर सह्या झाल्यावर गं?"

मी मेनाला पाठीवर जरा वर सरकवलं.

"झाल्यावर मी स्वतः ह्याला मागणी घालीन. इथेच, तुमच्या सगळ्यांसमोर. तोवर ह्याने माझ्या कुंपणाला बोट जरी लावलं, तर हा आहे आणि माझा कोयता आहे."

पुलाच्या या टोकाला कुणी खुदकन हसलं. मग त्या टोकाला.

"ओढा रे तो ओंडका!" इग्नेशियस ओरडला. "आणि आमची पोरंही रांगेत लावा. आमच्याकडे काय गोवर येत नाही?"

सुई टोचली तशी मेना किंचाळली. जोएल तिचा पाय धरून बसला होता.

"मागणी घालणार म्हणालीस," तो हळूच म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. "मी नाही म्हणालो तर?"

"म्हणशील?"

"...सह्या कधी व्हायच्यात?"

"तुम्हा पिवळ्या टोपीवाल्यांनाच ठाऊक. दोन्हीकडचे अजून जागेवरून भांडतायत. सह्यांची बैठक ह्या काठावर की त्या."

जोएल उठला, टोपी घट्ट बसवली. "मी आत्ताच इग्नेशियसकडे जातो. बैठकीला त्याने होकार दिल्याशिवाय हलणार नाही."

"थांब." मी रडणारी मेना पाठीवर बांधली. "तो बैठक कुठे बसवायची म्हणतो, ते मला ऐकायचंय. जमीन बायकांची आहे. जागा आम्ही देणार."

आणि आम्ही नदीपलीकडे चालू लागलो – तो एका कडेने, मी दुसऱ्या. मध्ये एका माणसाचं अंतर. ते ठेवणं फार, फार अवघड जात होतं.