मलमातलं विष

भोरला मालिनी देवस्थळींचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. रखमाजी तिथे आले ते तावातावानेच. चार महिन्यांमागे लग्न करून वेल्ह्यात दिलेल्या त्यांच्या लेकीला, सृष्टीला, सासू मलमात विष कालवून लावते म्हणे. दवाखान्यात राहिली की इसब बरं होतं, सासरी गेली की पुन्हा पू धरतो. आता सोडचिठ्ठी घेऊन लेकीला घरी आणायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"लग्नाआधी अंगावर डागबी नव्हता," ते म्हणाले.

मदतनीस स्वरूपने सासूला तिथल्या तिथे गुन्हेगार ठरवून टाकलं. घाई त्याच्या पाचवीलाच पुजलेली.

तिघं वेल्ह्याला पोचले तेव्हा सासूबाईंनी, मंगलबाईंनी, मलमाची ट्यूब पुढे केली. तेच मलम त्या स्वतःच्या भेगाळलेल्या टाचांना लावत आणि टाचा छान भरून आल्या होत्या. अंगणातल्या दोरीवर त्यांचं लुगडं आणि मुलाचे, अमृतचे, शर्ट वाळत होते. सृष्टीचा हा नवरा नोकरीसाठी पुण्याला असे, सुट्टीला येई; कालच परत गेला होता.

सृष्टी मागच्या खोलीत बसली होती, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांत. खोलीला कोंदट वास होता. मालिनीबाईंनी तिची बाही वर सारली. कोपराच्या आतली कातडी जाड, काळपट झाली होती. दिवसभर बोलतेस कुणाशी, असं विचारल्यावर तिने बाही पुन्हा मनगटापर्यंत ओढून घेतली. मालिनीबाईंना फार वाईट वाटलं.

मग सगळ्यांना ओसरीवर बसवून त्यांनी सृष्टीच्या कॉटखालचा ओला टॉवेल आणला आणि सरळ त्याला हात पुसले.

"मला काही होणार नाही. धडधाकट कातडी जंतू मारणारी द्रव्यं स्वतःच तयार करते. इसबाच्या कातडीत ती कमी पडतात. मलम चांगलंच आहे, पण या दमट टॉवेलातले जंतू हिला रोज नव्याने लागतात. दवाखान्यात टॉवेल कोरडा मिळतो. इथे दोरीवर हिचं एकही कापड नाही, ही ते कॉटखाली लपवते."

"पण लपवायचं कशाला?" स्वरूपने विचारलं.

"कातडी इतकी जाड व्हायला वर्षं लागतात. इसब लग्नाआधीचंच आहे. ते कुणी झाकलं, रखमाजी?"

उत्तर सृष्टीने दिलं.

"आबा म्हणलं, डागाचं कापड कुणाला दिसू देऊ नगंस, न्हाईतर परत धाडतील."

"आन मला वाटायचं, हिला आमच्यात बसायचंच न्हाई," मंगलबाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी टॉवेल उकळला आणि दोरीवरचं आपलं लुगडं सरकवून जागा केली. सृष्टीने तो स्वतःच्या हाताने वाळत घातला.

रखमाजी एकटेच भोरच्या एसटीत बसले. लेक सासरी गेल्यापासून घरी चहा ठेवायलाही कुणी नव्हतं; म्हणून तर सोडचिठ्ठीची घाई होती.