तेवीस कशात?

दार ओढून घ्या रे. कडी लावा... हं. आता आज कुणी क्रेनवर चढत नाही, वाऱ्याने आपल्याला सुट्टी दिली आहे. फुकटच्या सुट्टीत झोपायचं सोडून तुम्हाला गोष्ट हवी. बरं, सांगतो. पण ही ऐकीव नाही हं. ज्याच्यावर गुदरली त्याच्याच तोंडून ऐकली आहे, आणि ते तोंड तेव्हा कसं झालं होतं तेही मी पाहिलं आहे.

जुन्या धक्क्यावर वाऱ्याची यंत्रं बसवणारा एक जण होता. यंत्र बसवून झालं की वाट्यांवर तोंडाने जोरात फुंकायचा आणि आकडा हलतो का ते बघायचा, म्हणून त्याला सगळे फुंकर म्हणत. रागावली की बायकोसुद्धा फुंकरच म्हणायची. कामात हुशार, हात साफ. जीभ मात्र तिखट. समोरचा घाबरलाय असं दिसलं की याला चेव यायचा.

गेल्या वर्षीची गोष्ट. अकरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. फुंकर जेवून आडवा झाला होता, तेवढ्यात गेटवरच्या पहारेकऱ्याचा फोन आला.

"अहो, तुमचा तो डबा केकाटतोय. जुन्या शेडमधला. माझं डोकं उठवलंय त्याने. येऊन बंद करा नाहीतर मी दगड घालतो."

"उद्या सकाळी येतो."

"सकाळपर्यंत मी जगलो तर या."

बायको म्हणाली, "एवढ्या रात्री कशाला मरायला जाताय?" तो म्हणाला, "सेल काढायचे आणि परत यायचं. दूध उतू जायच्या आत घरी असेन." पिशवीत पेचकस टाकला, सायकल काढली आणि निघाला. वारा अजिबात नव्हता. समुद्र कसा, ताटात पाणी ठेवावं तसा.

आता तुम्ही विचाराल, शेडमधला डबा म्हणजे काय. यंत्राचे दोन भाग असतात. वर, क्रेनच्या माथ्यावर, दांड्याला तीन वाट्या. वारा वाटीच्या पोकळीत भरतो आणि पाठीवरून घसरतो, म्हणून त्या फिरतात. किती वेगाने फिरल्या ते वायरीतून खाली येतं आणि खालचा डबा आकडा दाखवतो. आमचा मामा बोट ओलं करून वर धरायचा आणि वारा सांगायचा. चुकला तर मामी बोलायची, तेवढंच. डबा चुकला तर माणूस जातो.

आणि डबाही खोटं बोलत नाही बरं का. गोंधळ मापांचा. जहाजवाले वारा नॉटमध्ये सांगतात. आपण तासाला किलोमीटर म्हणतो. परदेशी यंत्र कारखान्यातून येतं ते सेकंदाला मीटर दाखवत येतं. वारा एकच. एकाच माणसाला कुणी मामा म्हणतं, कुणी जावई म्हणतं, त्यातलंच हे. पण सेकंदाचा एक मीटर म्हणजे तासाचे साडेतीन किलोमीटर, वर थोडं. सतरा मीटर म्हणजे एकसष्ट किलोमीटर. आणि आपला नियम काय? पन्नासच्या पुढे काम बंद, क्रेनला साखळ्या, माणूस खाली.

त्या धक्क्यावर एक सवय होती. क्रेनवाला वरून वॉकीटॉकीवर विचारणार, "वारा?" खालचा माणूस डबा बघून नुसता आकडा सांगणार. माप कुणी बोलत नसे. सगळ्यांना ठाऊकच होतं ना, किलोमीटर! ठाऊक असलेलं कोण कशाला बोलेल?

दोन नंबरच्या क्रेनवर एक जण होता, त्याला सगळे वरचा दादा म्हणत. सकाळी चढला की संध्याकाळीच उतरायचा. जेवणाचा डबा वर, चहा वर. तोंडात सुपारी नाही, दारूचा थेंब नाही. फुंकर त्याची टिंगल करायचा, "देव आणि हा, दोघेच वर राहतात."

या फोनच्या दोन वर्षं आधी, एका संध्याकाळी फुंकरने दोन नंबरला नवं यंत्र बसवलं. डब्याच्या पाठीमागे एक बटण असतं. ते दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरलं की मीटरचं किलोमीटर होतं. दहा आकडे! पण पावणेसहाची बस निघायला आली होती. उद्या करू म्हणाला. शेडमध्ये डब्याजवळ पिशवी आवरत होता. खालचा माणूस खायला गेलेला. आभाळ एका बाजूने काळं झालं आणि वॉकीटॉकी बोलला.

"वारा?"

फुंकरने डबा बघितला. "सतरा."

"सतराच? अरे, इथे झाड हलावं तशी केबिन हलतेय. नीट बघ ना."

"यंत्र कोरं आहे. डोकं तुझं जुनं झालंय. भीती वाटत असेल तर खाली ये आणि बांगड्या भर."

क्रेन चालू राहिली. थोड्या वेळाने पुन्हा, "वारा?"

"तेवीस. अजून कितीदा विचारशील?"

मग रुळांवरून लोखंड घासल्याचा आवाज आला. ब्रेक लावलेली क्रेन सरकायला लागली होती. आणि वॉकीटॉकीवर वरच्या दादाचा शेवटचा शब्द आला. ओरडला नाही. विचारावं तसा विचारला.

"कशात?... तेवीस कशात?"

क्रेन रुळाच्या टोकाच्या अडसराला धडकली आणि समुद्रात गेली. केबिनसकट.

सगळा धक्का पाण्याकडे धावला. फुंकर धावला नाही. त्याने डबा उलटा केला, बटण दाबलं आणि एक, दोन, तीन, चार... दहापर्यंत मोजलं. मनातल्या मनात, सावकाश. बाहेर माणूस बुडत होता, पोरांनो, आणि हा मोजत होता. आकडा त्र्याऐंशी झाला, खाली किलोमीटरची खूण आली. तेव्हा हा बाहेर पळाला आणि सगळ्यांत मोठ्याने रडला.

चौकशीत त्याने सांगितलं, "मी त्र्याऐंशी ओरडलो साहेब. तो म्हणाला, एक खोका टाकतो आणि येतो." वर आणखी म्हणाला, "आवाज जड वाटत होता. आता मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं?"

एवढं पुरलं. दारू पिऊन गेला, असं कागदावर आलं. भरपाई नाही, खोली रिकामी करा. वरच्या दादाची बायको फुंकरच्या दारात आली, पदर पसरून उभी राहिली. "भाऊजी, यांनी आयुष्यात घेतली नाही. तुम्ही होतात तिथे. खरं काय ते सांगा." फुंकर खाली बघून म्हणाला, "वहिनी, घरच्यांना सगळंच कळतं असं नसतं." तिचा पंधरा वर्षांचा मुलगा बाजूला उभा होता. त्याने ऐकलं. घरी जाऊन बापाचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि ट्रंकेत तळाला घातला.

हा तो फुंकर. आणि ही ती शेड.

पहारेकरी बाहेरच उभा होता. "मी नाही येत आत," म्हणाला आणि सिगारेट पेटवली. धूर दोरा सोडावा तसा सरळ वर जात होता. फुंकर आत गेला, दार लोटलं. टॉर्च लावला.

डबा भिंतीवर होता. दोन वर्षांची धूळ. केकाटणं थांबलं होतं. आकड्याच्या जागी शून्य.

त्याने डबा पुढे ओढून मागे बघितलं. वायर तुटलेली, टोक तसंच लोंबत होतं. तुटणारच, वाट्या तर क्रेनबरोबर समुद्राच्या तळाशी गेल्या होत्या. जुन्या सेलमध्ये जीव उरला असेल म्हणून त्याने झाकण उघडलं. सेल काढले. दोन्ही तळहातावर घेतले.

आकडा विझला नाही.

शून्याचे चार झाले. मग नऊ.

खिडकीत कोळ्याचं जाळं होतं. त्याने टॉर्च तिकडे मारला. जाळं हलत नव्हतं. एक धागाही हलत नव्हता.

तेरा.

तो दाराकडे वळला. दार लोटलेलंच होतं. आता उघडेना. त्याने खांदा लावला. जसं कुणी बाहेरून... नाही. माणूस नाही. वारा दार दाबून धरतो ना, तसं.

सतरा.

खिळ्याला जुना वॉकीटॉकी टांगलेला होता. बॅटरी नसलेला. तो खरखरला.

"वारा?"

आता बघा, सवय काय चीज असते. इतक्या वर्षांची सवय. तोंड आपोआप उघडलं.

"सतरा."

खरखर... मग, "सतराच?"

फुंकरने दाराला पुन्हा खांदा लावला.

"नीट बघ ना."

त्याने बघितलं. तेवीस. आकड्याखाली मापाची खूण असते, ती जागा कोरी होती.

"ते... तेवीस."

खरखर थांबली. सगळंच थांबलं. आणि मग अगदी जवळून... वॉकीटॉकीतून नाही. कानाजवळून. विचारावं तसं.

"कशात?"

पोरांनो, इथे सुटायची संधी होती त्याला. एक शब्द बोलायचा होता. शेडमध्ये कुणी नव्हतं, चौकशी नव्हती, साहेब नव्हता. तरी तो काय बोलला असेल?

"किलोमीटर," म्हणाला. "तासाला."

मग ते आलं.

एका बाजूने. समुद्राच्या बाजूने. भिंतीतून. त्याच्या एकट्याच्या अंगावर. गाल हाडापासून सुटले. डोळे मिटेनात. श्वास आत घ्यावा तर घशात पाणी, खारट. तो भिंतीला चिकटला. ओरडला. आवाज तोंडातून निघाला की मागे जायचा.

"कशात?"

"मीटर!"

"..."

"सेकंदाला मीटर! मी बदललं! मी बटण दाबलं! तू प्यायला नव्हतास!"

"..."

"दादा... सोड..."

"मला कशाला सांगतोस?" कानाजवळचा आवाज म्हणाला. "मला ठाऊक आहे."

पहारेकऱ्याची सिगारेट संपली, तेवढाच वेळ झाला होता. त्याला आतून काही ऐकू आलं नाही. हाक मारली, उत्तर नाही, म्हणून त्याने दार ढकललं. सहज उघडलं. धूळ जागच्या जागी. जाळं शाबूत. डबा विझलेला. आणि भिंतीला पाठ लावून फुंकर उभा. कपडे कोरडे. ओठ मिठाने फाटलेले, डोळे रक्ताळलेले, दोन्ही कानांतून रक्त.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. विचारायची सोय नव्हती, त्याचे कान कायमचे गेले होते. तोच बोलत होता. मला सांगितलं, नर्सला सांगितलं, साहेबांना बोलावून सांगितलं, फरशी पुसणाऱ्या बाईला सांगितलं. हे जे तुम्ही ऐकलंत ते सगळं, भुतासकट. आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. नुसती बटणाची गोष्ट सांगितली असती तर कदाचित कुणी कागद उघडले असते. पण भूत वगळून त्याला सांगताच येईना. साहेब दहा मिनिटं बसले आणि उठताना मला म्हणाले, "डोक्यावर परिणाम झालाय. वेड्याची साक्ष कुठे चालते का?" शुद्धीत होता तेव्हा खोटं बोलला, ते कागदावर राहिलं. खरं बोलायला लागला, तर वेडा ठरला.

मी त्या मुलाकडेही गेलो. तेव्हा सतरा वर्षांचा होता, एका गॅरेजमध्ये कामाला लागला होता. सगळं सांगितलं त्याला. त्याने पाना खाली ठेवला नाही. म्हणाला, "काका, शाळेत मी दारुड्याचं पोर होतो. त्याची सवय झालीय. आता एका वेड्याच्या शब्दावर बाप परत घेऊ?" फोटो ट्रंकेतच आहे.

फुंकर? आहे की. बायको भरवते तेव्हा जेवतो. खोलीची खिडकी बंद ठेवतात, पण उपयोग नाही. का, तेही सांगतो.

त्या दिवशी दवाखान्यातही खिडक्या बंदच होत्या. पंखा नव्हता. पडदा हलत नव्हता. पण फुंकरचे केस... एका बाजूला उडत होते. सारखे. मला वाटलं आपलेच डोळे फिरले. माझ्या खिशात हे हातातलं छोटं यंत्र होतं, हेच. मी ते त्याच्या गालाजवळ धरलं.

वाट्या फिरायला लागल्या.

मी हात मागे घेतला. थांबल्या. पण आकडा उतरला नाही. आजतागायत उतरलेला नाही. मी सेल काढले. वाट्या उपटून टाकल्या. आणि एक लक्षात ठेवा, हे यंत्र फक्त तासाला किलोमीटर दाखवतं, पाठीवर तसं छापलंय. दुसरं माप दाखवायची यात सोयच नाही.

टॉर्च धर रे. घ्या, हातात घ्या, चावत नाही.

वाच. मोठ्याने वाच.

हं... तेवीस. आणि खाली? कशात आहे, तेही वाच.