गबदूच्या यकृताची जादा पाळी

गबदू नावाचा रोहू मासा शाळेच्या मासेवाढ स्पर्धेत दोन किलो भरला, तर रुंजी डहारेला काचेच्या पाणबुडीत पहिली खिडकी मिळणार होती. तिच्या आबाजींचाही फायदाच: नातीच्या माशावरून गावभर मिशांना पीळ देत फिरता आलं असतं. म्हणून घरात माणसांपेक्षा गबदूची विचारपूस जास्त व्हायची.

पण महिनाभर दुप्पट ढेप (तेल काढून उरलेली पेंड) खाऊनही गबदू दोन किलोला पन्नास ग्रॅम कमीच. स्पर्धा आठ दिवसांवर आली.

"ढेप तं खाऊन राह्यला, मंग जाते कुठं?" आबाजी म्हणाले.

रुंजीने झिंगूला तळ्यात सोडलं. झिंगू म्हणजे मासे तपासणारा बोटभर यंत्रमानव. त्याने गबदूच्या पोटावर निळा प्रकाश टाकला.

"पाणी स्वच्छ आहे. याच्या यकृतात मात्र जादा पाळी चाललीय. तिथली विकरं (शरीरातली कामं झटपट उरकणारी प्रथिनं) तिप्पट झालीत."

"कसलं काम करतात ती?"

"विष उतरवायचं. काही विषं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत दडून बसतात. विकरांची पहिली टोळी विषाला एक मूठ बसवते. दुसरी त्या मुठीला पाण्यात विरघळणारा तुकडा जोडते. मग मूत्रपिंड (रक्त गाळणारा अवयव) ते बाहेर टाकतं. मूत्रपिंडातही अशी विकरं असतात. हे सगळे कामगार गबदूच्याच ढेपेवर जगतात. वाढायला उरणार काय?"

"पाणी स्वच्छ, तर विष आलं कुठून?"

"चिखलातून. विष तिथे जाऊन बसलंय आणि गबदू तो चाटतो."

रुंजीने आबाजींकडे पाहिलं. आबाजींनी तळ्यातल्या शिंगाड्याच्या वेलांकडे.

"भुंगेरे पानं खात होते," ते हळूच म्हणाले. "डब्यावर एक झाकण औषध लिहिलं होतं. म्या दोन टाकले. तुझे मासे तं पल्याडच्या कोपऱ्यात होते."

"आबाजी, पाण्याला कोपरा असतो काय?"

"असंच चाललं, तर विकरंही थकतील," झिंगू म्हणाला. "त्यांचा आकडा घसरेल आणि यकृत खराब होईल. सगळे मासे तीन आठवडे स्वच्छ टाकीत हलवा."

तळ्याबाहेर काढलेला मासा स्पर्धेतून बाद होता. तरीही रुंजी उठून जाळं घेऊन आली.

तीन आठवड्यांनी विकरांचा आकडा जागेवर आला आणि गबदू सव्वादोन किलो भरला. वजन करताना त्याने आबाजींना शेपटीने नखशिखांत भिजवलं. चिखल उपसून झालाय, आबाजी आता डोंग्यात (छोट्या होडीत) बसून हाताने भुंगेरे वेचतात. झिंगूला ते काम शिकवायचा रुंजीचा विचार आहे.

पहिल्या खिडकीत रुंजीच्या वर्गातला हेमराज बसला आणि चार दिवस तेच सांगत सुटला. दोन झाकणं ओतली आबाजींनी, खिडकी गेली रुंजीची, आणि बाकीची सगळी किंमत गबदूच्या यकृताने मोजली.