राखीची बोंबलणारी गाडी

रेल्वे फाटक उघडलं आणि नेमकी तेव्हाच राखीची गाडी बंद पडली.

मागे हॉर्नांचा नुसता कल्लोळ. तिने चावी फिरवली, तर गाडी अशी बोंबलत सुरू झाली की शेजारच्या ऑटोतल्या बाईने कानांवर हात ठेवले. रेसवर पाय नव्हता, तरी इंजिन ऊर फुटेस्तोवर धावत होतं… आणि पुन्हा ठप्प!

संताप संताप झाला तिचा. परवा अंगणात बसून तिनेच कार्बोरेटर काढला होता, पेट्रोलने धुऊन परत बसवला होता. तेव्हापासून गाडी उभी राहिली की बंद पडायची. पडू नये म्हणून तिने स्क्रू पिळून रेस वाढवली, तर आता बोंबलून बंद पडायला लागली. सकाळी तिचे बाबा, बाबूलाल, म्हणाले होते, "पोरीच्या हाती पाना देल्लाच कोणं? मी बसनं चाल्लो कटंगीले, तुया मामाकडं. गाडी तिथं आली तं आली, नाही तं उद्या भंगारवाल्याले देतो."

पोरीच्या हाती म्हणे! मुलाने बिघडवली असती तर म्हणाले असते, शिकतो आहे बिचारा.

"मॅडम, धक्का मारूं क्या?"

मोटरसायकल बाजूला लावून एक जण उभा होता. सावळा, बाह्या दुमडलेल्या, ओठांत हसू दाबलेलं. त्या हसण्याचाच तिला जास्त राग आला.

"मारो. लेकिन सलाह मत देना."

गाडी कडेला लागली. राखीने ती कशीबशी सुरू केली, बोनेट उघडलं, आणि सल्ला आलाच.

"कार्बोरेटर में कचरा होगा. फिर से खोलना—"

"मैंने खुद साफ किया है!"

"इसीलिए तो बोल रहा हूँ…"

अनोळखी माणसाशी हिंदीत बोलायची मध्य प्रदेशातल्या बालाघाटची रीत. पण राखीचा राग हिंदीत कुठला मावतो! "आता चूप बसता का जरा? जो येते तो मलेच शिकवते!"

त्याचे डोळे लुकलुकले. "अरे, तुम्ही मराठी? मंग आधीच मराठीत भांडाचं ना…"

"चूप म्हटलं ना!"

तो खरंच चूप झाला. आणि मग त्या बोंबलण्याच्या आडून राखीला ऐकू आलं… सुस्स्स्. ती वाकली. रबराची एक बारीक नळी लोंबत होती. कार्बोरेटर बसवताना ती जोडायचीच राहिली होती, आणि तिच्या जागच्या उघड्या भोकातून इंजिन नको ती हवा ओढत होतं. राखीने भोकावर बोट ठेवलं. धडधड एकदम सुरळीत!

"इथं बोट धरा. मी नळी बसवते."

त्याचं बोट तिच्या बोटावर आलं. तिने आपलं लगेच काढलं नाही.

नळी बसली, स्क्रू परत सैल झाला, गाडी शहाण्यासारखी घुरघुरायला लागली.

"नाव काय तुमचं?"

"राखी."

"बाप रे… बांधू नका म्हंजे झालं!"

रागवायचं ठरवूनही ती हसली. "अन् तुमचं?"

"धम्मपाल. कुठं चाल्ले?"

"कटंगीले, मामाकडं."

"मलेही तिकडंच जाचं हाय. मागं मागं येतो."

वाटभर आरशात ती मोटरसायकल होती. राखी रस्ता पाहायची, मग आरसा… मग जरा जास्तच आरसा.

मामाच्या दारात गाडी उभी राहिली, आवाज न करता. बाबूलालने गाडी पाहिली आणि मागचा तरुण पाहिला. "मानलं बुवा तुमाले! कशी काय दुरुस्त केली?"

राखीच्या अंगाची लाही लाही झाली. बापाला दिसला तो पुरुषच!

"जयभीम, काका. मी नाही, यायनं केली," धम्मपाल म्हणाला. "मी तं चुकीचाच सल्ला देऊन राह्यलो होतो."

बाबूलालने गाडीच्या बोनेटवर हात ठेवला. "मंग भंगारवाल्याले नाही म्हणून सांगतो," तो हळूच म्हणाला, आणि पाहुण्याकडे वळला. "कोणत्या गावचे तुम्ही?"

"लामत्याचा."

"लामता? लामता तं बालाघाटच्या पल्याड राह्यलं! इकडं काय काम काढलं?"

धम्मपालचे कान लाल झाले. राखी त्याच्याकडे पाहतच राहिली. एवढ्या उलट्या वाटेने आला हा?

"ते माह्यासाठी आले, बाबा." राखी बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली.

"हौ, काका. यायच्यासाठीच आलो," धम्मपाल म्हणाला. "अन् यायनं हौ म्हटलं… तं रोज येईन."

बाबूलालने लेकीकडे पाहिलं. ती तोवर हौ म्हणून मोकळी झाली होती.