एकसष्ट किलो

माती धुणं म्हणजे काही कपडे धुणं नव्हे, पण रीत तीच. बंद पडलेल्या कारखान्याची डांबर मुरलेली काळी माती ड्रममध्ये घालायची, वर द्रावक सोडायचं आणि फिरवत राहायचं. चिकटलेलं असेल नसेल ते सगळं सुटतं.

ड्रम चालवणाऱ्या बाईला सगळे ड्रमवालीच म्हणत. तिचे बाबा याच कारखान्यात फिटर होते. वीस वर्षांपूर्वी पाळीवर गेले, ते परतलेच नाहीत. "पळाला असेल कुणाचा तरी हात धरून," असं म्हणून मालकांनी हात झटकले, आणि लोकांनी टोमणे मारमारून आईला जीव नकोसा केला. लेकीने हे काम पत्करलं ते त्यासाठीच. एखादं हाड, निदान शर्टाचं बटण तरी सापडेल, म्हणून.

त्या दुपारी कोपऱ्यातल्या खड्ड्यातली पहिली खेप निघाली. धुतलेली माती आणि सुटलेला गाळ मिळून, आत घातलं तेवढंच वजन भरायला हवं. काटेवाल्या काकांनी डोकं खाजवलं.

"एकसष्ट किलो कमी."

"काटा बघा ना, काका."

"तीनदा बघितला गं! ड्रमने गिळलं की काय?"

ते हसले. ती मात्र हसली नाही. आईने जपून ठेवलेलं बाबांचं कारखान्यातल्या डॉक्टरी तपासणीचं कार्ड तिला तोंडपाठ होतं. वजन, एकसष्ट.

द्रावकाच्या गोडसर, मळमळवणाऱ्या वासात आज ग्रीसचा वास येत होता. बाबांच्या हातांना यायचा तसा. दुसरी खेप ड्रममध्ये घुमत होती. ती खेप पुढच्या पाळीच्या माणसांवर सोपवून ड्रमवाली तडक गाडीत जाऊन बसली.

फाटकापाशी पोचते तोच शेजारच्या सीटचा इशारा वाजू लागला. टुंग... टुंग... कुणी पट्टा न लावता बसलं की वाजतो, तो.

सीटवर कुणीच नव्हतं. गादी मात्र दबली होती.

तिला रडू फुटलं. "बाबा... चला घरी. आई अजून वाट बघतेय हो..."

तिने रिकाम्या सीटचा पट्टा ओढून लावला. आवाज थांबला.

मागे शेडमध्ये ड्रमही थांबला. दुसरी खेप धुऊन झाली होती.

तिने गाडी पुढे काढली, आणि इशारा पुन्हा वाजू लागला. समोर डॅशबोर्डवर पट्ट्याचे लाल दिवे लागले होते. मागच्या तिन्ही जागांचे.