हे लागत नाही, पेंटर!

"ओ पेंटर, जरा खाली या. चुकलंय."

शिडीवरचा माणूस वळला. नाकाच्या शेंड्यावर निळा ठिपका, कानावर खडू. मी समोरच्या चष्म्याच्या दुकानात काम करते. सकाळपासून काचा घासता घासता दवाखान्याच्या भिंतीवर उमटणारी त्याची अक्षरं बघत होते. वळण काय सुरेख होतं! पण वाक्य होतं... 'सिकलसेलच्या रुग्णांपासून दूर राहा, लागण टाळा.'

"काना-मात्रा तर सगळं बरोबर आहे," तो म्हणाला.

"काना-मात्रा बरोबर, अर्थ चूक. सिकलसेल लागत नाही. आई-बाबांकडून रक्तातून येतो."

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. रुग्ण."

तो झरझर खाली उतरला. आता हा दोन हात लांब उभा राहणार, मला वाटलं. लोक राहतात. हा मात्र अगदी समोर येऊन म्हणाला, "मग काय लिहू ते सांगा. फक्त थोडक्यात हं, भिंत लहान आहे."

मी खुदकन हसले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तर भिंत वाचून कपाळावर हात मारला. फोनवर मजकूर सांगताना कुणीतरी घोळ घातला होता. संध्याकाळपर्यंत भिंत पुसून झाली आणि त्याच जागी नवी अक्षरं आली... 'सिकलसेल लागत नाही. लग्नाआधी रक्त तपासा.'

दुसऱ्या दिवशी पेंटर दुकानात हजर. "डोळे तपासायचेत."

त्यानं तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"नजर उत्तम आहे. चष्मा लागणार नाही."

"उद्या परत बघू या का? एका रात्रीत बिघडली तर?"

"बिघडलीच आहे," मी म्हणाले, "पण त्यावर आमच्याकडे काच मिळत नाही."

मग तो रोजच यायला लागला.

एकदा दुकान बंद करताना गार वाऱ्यासकट पाऊस आला. तो रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा. "या की! भिजल्याशिवाय काय मजा?"

"मला नाही चालत," मी दारातूनच ओरडले. "गारठ्यानं माझ्या रक्तातल्या पेशी वाकतात... विळ्यासारख्या. बारीक नळ्यांत अडकून बसतात. मग हाडं अशी ठणकतात, की आपलं अंगच नकोसं होतं."

त्याचे हात खाली आले. रंगाच्या डब्यांवरची ताडपत्री ओढून त्यानं माझ्या डोक्यावर धरली आणि घरापर्यंत स्वतः चिंब भिजत चालत आला. पावसावर जीव टाकणारी माणसं मला कधी कळली नव्हती. त्या संध्याकाळी — थोडीशी कळली.

थंडी पडली आणि दुखणं आलंच. मी दवाखान्यात, सलाइन लावलेली, उशी दातांत धरून. तो शेजारी बसून गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावरून कंबरेवर, कंबरेवरून गुडघ्यावर फिरवत होता. उगाच धीर देत नव्हता. मध्येच म्हणाला, "लग्न करू या आपण."

"आत्ता नको विचारूस," मी कण्हत म्हणाले. "आत्ता मी कशालाही हो म्हणेन."

बरी झाल्यावर मीच विषय काढला. "आधी रक्त तपास. तू धडधाकट असलास तरी ते तुझ्या रक्तात असू शकतं. अशा माणसाला वाहक म्हणतात. नसशील, तर आपल्या मुलांना हा आजार होणार नाही. असशील, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची निम्मी शक्यता."

माझी आत्या मला बाजूला घेऊन कुजबुजली, "एवढं कशाला बोलायचं? लग्न तर होऊ दे, मग बघू."

"त्याला अंधारात ठेवून नाही, आत्या. त्यापेक्षा बिनलग्नाची बरी."

त्याची आई दुकानात आली ती तोंड घट्ट मिटूनच. "तू गुणी आहेस गं," ती म्हणाली, "पण आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही. माझ्या पोराच्या गळ्यात जन्माचं दुखणं बांधू नकोस."

मला लागलं. खूप लागलं. तरी म्हणाले, "काकू, त्याची तपासणी होऊ द्या. मग काय बोलायचं ते बोला."

तपासणीत तो वाहक निघाला.

काकूंचा विश्वासच बसेना. त्याचे वडील तर केव्हाच गेलेले. मग एक दिवस त्या स्वतःच दवाखान्यात गेल्या आणि सुई टोचून घेतली. त्यांच्याही रक्तात तेच होतं. बाकावर माझ्या शेजारी बसून पदराशी चाळा करत त्या पुटपुटल्या, "माझ्यामुळे झालं का गं हे?"

दुकानातलं त्यांचं बोलणं मला आठवत होतं. परत करायला शब्दही तयार होते. पण तोंडून आलं ते वेगळंच. "कुणामुळे नाही हो, काकू. डोळ्यांचा रंग कुणी ठरवून देतं का? तसंच हे."

त्यांनी माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

बाहेर तो फाटकाशी उभा होता. माझं ठरलं होतं.

"तू मागे फिरलास तरी मी राग धरणार नाही," मी म्हणाले. "खरंच."

"मूल हवं की नको, हवं तर कसं, ते डॉक्टरीणबाईंपुढे बसून ठरवू. दोघं मिळून." तो थांबला. "पण तू नसलीस, तर ठरवायला उरतंच काय?"

"मग ऐक. दुखेल तेव्हा मी रडेन, तुझ्यावर खेकसेन. बरी असेन तेव्हा भांडेन."

"कबूल."

"आणि कुणापासून लपवायचं नाही. कुणी विचारायच्या आत मीच सांगणार."

"कबूल. पण... 'हो' कुठंय तुझं?"

"वेड्या, आता मीच विचारतेय. करशील माझ्याशी लग्न?"

त्यानं कानावरचा खडू काढला, परत ठेवला, परत काढला.

"अरे, हो म्हण की लवकर!" मागून काकू कडाडल्या. "ऊन केवढं चढलंय! पोरीला सावलीत घे आधी, पाणी दे तिला."